साक्षीची पेटी

निर्यातीच्या शेडमध्ये त्याला सगळे साक्षीदार म्हणत. कोर्टाची पायरी तो जन्मात चढला नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. नव्या बायका तर त्याच्या तोंडावर ‘साक्षीदारभाऊ’ म्हणत आणि तोही ओ देत असे. काम एवढंच, की ढोबळी मिरचीचा जो कंटेनर बंदराकडे निघेल त्यातली एक पेटी मागे ठेवायची, कोल्ड रूममध्ये आठ अंशांवर सतरा दिवस सांभाळायची आणि सतराव्या दिवशी उघडून बघायची. जहाजाला पलीकडे पोचायला बरोबर सतरा दिवस लागत. म्हणजे तिकडे खरेदीदार कंटेनरचं दार उघडणार त्याच दिवशी इकडे हा झाकण काढणार, आणि तिकडच्या माणसाला काय दिसलं असेल ते इथे बसून सांगणार. ही युक्ती थोरल्या मालकांची. परक्या देशातला माणूस माल खराब निघाला म्हणून गळा काढू लागला, तर आपल्याकडे एक साक्ष असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं नियम लिहून भिंतीवर चिकटवला होता: पेटी हाताला येईल ती घ्यावी. कागद पिवळा पडला, थोरले मालक गेले, धाकटे मालक खुर्चीवर आले, पण नियम भिंतीवर तसाच होता. भिंतीवरचं वाचतो कोण!

साक्षीदाराचं काम बघण्यासारखं होतं. स्टीलच्या टेबलावर पेटी ठेवायचा, आधी झाकण न काढता नुसता वास घ्यायचा. मग एकेक मिरची उचलून देठालगतच्या खांद्यापाशी अंगठ्यानं दाबायची, देठ उजेडाकडे धरायचा, तळाशी मऊ पडलंय का बघायचं, आणि वहीत चार रकान्यांत चार शब्द लिहायचे. घाई नाही, गप्पा नाहीत. दाढीच्या दिवशी माणूस आरशात जितक्या गांभीर्यानं बघतो तितक्या गांभीर्यानं तो मिरचीकडे बघायचा. एकोणीस वर्षांत त्यानं चारशेच्या वर पेट्या उघडल्या होत्या. त्यांतल्या फक्त दोन पेट्यांपुढे ‘खराब’ लिहिलेलं होतं, आणि त्या दोन्ही पहिल्याच वर्षीच्या. बाकी सगळीकडे चांगली, चांगली, उत्तम, चांगली. त्याला या अक्षरांचा अभिमान होता. तो तसं बोलून दाखवत नसे, पण वहीला त्यानं कापडी पुठ्ठा घातला होता, आणि माणूस उगाच कुठल्या वहीला कापडी पुठ्ठा घालत नाही.

वहीत अक्षर तेवढंच सुरेख राहिलं, पानं मात्र कमी लागू लागली. भरभराटीच्या वर्षी एका हंगामात सेहेचाळीस कंटेनर गेले होते आणि तीन देशांतले खरेदीदार आगाऊ नोंदणी करत. मग एकतीस झाले. मग एकोणीस. मग बारा. यंदा पाच, तेही एकाच खरेदीदाराचे. बाकीचे दोघे एकेक करून समुद्रापलीकडच्या दुसऱ्या एका देशाकडे गेले. त्या देशाला शेडमध्ये कोणी नावानं हाक मारत नसे. नुसतं ‘तिकडचे’ म्हटलं की पुरे. तिकडच्यांची काचघरं, तिकडच्यांचं जहाज सहा दिवसांत पोचतं, तिकडच्या सरकारची भाड्यात सवलत, तिकडे मिरची निवडायला माणसं नाहीत, कॅमेरे आहेत. चहाच्या वेळी कोणाचं पोट दुखलं तरी दोष तिकडच्यांचा. धाकटे मालक जरा शिकलेले, त्यामुळे त्यांच्याकडे कारणंही शिकलेली होती: चलनाचा भाव, जहाजांचा तुटवडा, फवारणीच्या औषधांच्या अवशेषांची दर वर्षी खाली येणारी मर्यादा. ही सगळी कारणं खरी होती. कोणी खोटं बोलत नव्हतं. आपला माल वाईट पोचतोय, हे एक कारण मात्र कोणाच्या स्वप्नातही आलं नाही, कारण माल चांगला पोचतो हे साक्षीदार दर सतराव्या दिवशी लिहून देत होता. खरेदीदारानं तक्रार केली की मालक वही मागवत, वाचत आणि म्हणत, “बघा, भाव पाडायचे धंदे!”

हंगामाचा चौथा कंटेनर पोचला आणि शेवटच्या खरेदीदाराचं पत्र आलं. दहा पेट्यांत तीन पेट्यांना देठाची बुरशी. फोटो जोडलेले. एक तर तुमच्या शेडमध्ये आमचा माणूस बसेल आणि तो म्हणेल तसा माल निघेल, नाहीतर पुढच्या हंगामापासून आम्ही तिकडून घेऊ. शुक्रवारपर्यंत कळवा.

मालकांनी साक्षीदाराला बोलावलं. टेबलावर पत्र आणि शेजारी ती कापडी पुठ्ठ्याची वही.

“तुमची पेटी काय म्हणते?”

“उत्तम होती. एकही देठ काळा नाही.”

“छातीठोक?”

“छातीठोक.”

“मग ठरलं. मी यांना असं खरमरीत उत्तर देतो की पुन्हा तोंड वर करणार नाहीत. त्यांच्याच गोदामात काहीतरी बिघडलंय आणि आमच्या माथी मारतायत. आणि वर आमच्या डोक्यावर आपला माणूस बसवणार म्हणे!” मालक उठून खिडकीशी गेले. “तुमच्या वहीच्या जोरावर लिहितोय हां. हा गेला तर निवडणीचा पट्टा बंद. चाळीस बायका घरी. तुमच्या घरचीसुद्धा.”

त्याच्या घरची म्हणजे त्याची बायको पट्ट्यावर मुकादम होती. चाळीस बायकांची ती मुकादम. कोणाला कुठे उभं करायचं, कोणाचा हात जड, कोणाची नजर पक्की, सगळं तिच्या तोंडपाठ. पट्टा चालू असताना ती आवाज न चढवता नुसती भुवई उचलायची आणि पलीकडच्या टोकाला गप्पा थांबायच्या. शेडमध्ये मालकांनंतर तिचाच शब्द होता.

गुरुवारी पाचवा, म्हणजे शेवटचा कंटेनर भरायचा होता. एरवी भरणं चालू असताना साक्षीदार दाराशी थर्मामीटर घेऊन उभा असे. आतलं तापमान बघायचं, सीलचा नंबर लिहायचा, ड्रायव्हरची सही घ्यायची. सगळं आटोपून टेबलाशी यावं तर त्याची पेटी तिथे येऊन बसलेली असायची, चिकटपट्टी लावून, तारीख घालून. ती कोण आणून ठेवतं हे त्यानं एकोणीस वर्षांत विचारलं नव्हतं. रोज सकाळी डब्यात भाजी कुठून येते हे तरी किती पुरुष विचारतात?

त्या दिवशी कंटेनरच दोन तास उशिरा आला. रिकामं उभं राहून कंटाळला म्हणून तो पेन आणायला पट्ट्याकडे गेला आणि पट्ट्याच्या टोकाशी थबकला.

त्याची बायको बाजूच्या टेबलाशी उभी होती. पुढ्यात एक कोरी पेटी. पट्ट्यावरच्या बायका निवडता निवडता मधूनच एखादी देखणी मिरची बाजूला काढत होत्या आणि हातोहात तिच्याकडे पाठवत होत्या. ती मिरची फडक्यानं पुसत होती, देठ बघत होती, पसंत पडली तर पेटीत बसवत होती, नाही पडली तर परत पाठवत होती. मुलगी दाखवायला न्यायची असावी तशी ती पेटी सजत होती.

“ही घ्या बाई, अगदी गुळगुळीत,” एकीनं तांबडी मिरची पुढे केली. “साक्षीदारभाऊ हिच्यावर भाळतील.”

बायका हसल्या. पट्ट्यावर नवीनच लागलेल्या एकीनं विचारलं, “ही कोणाची पेटी?”

“साक्षीदारांची. कायमची पद्धत आहे आपली. त्यांच्या पेटीत वावगं काही जाऊ द्यायचं नाही.”

कोणी काही लपवत नव्हतं. भर दिवसा, चाळीस जणींसमोर, हसतखेळत चाललं होतं. इतकी वर्षं असंच चालत आलं होतं आणि तो तेव्हा नेमका दाराशी थर्मामीटर धरून उभा असायचा. तो पेन न घेताच मागे फिरला.

कोल्ड रूमच्या कोपऱ्यात चौथ्या कंटेनरमधून उरलेल्या चौदा पेट्या पडून होत्या. गाडीत जागा पुरली नव्हती आणि गावातला व्यापारी आज नेतो उद्या नेतो करत राहिला होता. माल तोच, तारीख तीच, तापमान तेच. त्यानं एकेक करून चौदाच्या चौदा पेट्या उघडल्या. तिसऱ्या पेटीच्या झाकणावरूनच त्याला वास आला. हा वास त्यानं अठरा वर्षांत घेतला नव्हता. देठांवर करडी लव आलेली, खाली मिरचीचा खांदा पाणथळ झालेला, अंगठा लावला की आत जात होता. सातवीत तेच. नववीत तेच. चौदापैकी पाच. पत्रात लिहिलं होतं, दहात तीन.

तो उलट्या क्रेटवर बसून राहिला. आपल्याला धक्का बसायला हवा, घाम फुटायला हवा, असं त्याला वाटलं, पण तसं काही झालं नाही. डोक्यात नुसती आकडेमोड चालू होती. सेहेचाळीसचे एकतीस झाले ते वर्ष. एकतीसचे एकोणीस झाले ते वर्ष. दर वर्षी तिकडची माणसं सडके देठ दाखवत होती आणि दर वर्षी त्याची वही त्यांना खोटं पाडत होती. लबाडी करावी तर ती तरी अंगावर घेता येते; इथे त्यानं इमानदारीनं एकोणीस वर्षं खोटं लिहिलं होतं. पंखा घरघरत होता. त्यानं पाच पेट्या वेगळ्या लावल्या, बाकीच्यांची झाकणं नीट बसवली, आणि जेवणाची घंटा झाली तेव्हा उठला.

शेडच्या मागच्या बाजूला रिकाम्या लाकडी पॅलेटांवर बसून दोघं रोज डबा खात. तिनं डबा उघडला. तो बघत राहिला.

“काय झालं? बरं नाही का?”

“माझी पेटी तू भरतेस?”

“मग कोण भरणार?” ती म्हणाली. “आज पेन न्यायला आलात आणि तसेच गेलात. बघितलं मी.”

“किती वर्षं?”

“पहिल्या वर्षापासूनच. तुम्हाला आठवत नसेल. दोन पेट्या खराब निघाल्या होत्या तुमच्या. त्या पेट्या उघडून घरी आलात आणि दोन दिवस अन्नाला शिवला नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसलात, जसं काही तुम्हीच सडवल्या. तेव्हा लेक तापानं फणफणली होती. मला एका घरात दोन-दोन आजारी परवडणारे नव्हते.” तिनं पोळीचा तुकडा मोडला. “म्हटलं, जे उघडून बघायचंय ते निदान बघण्यासारखं तरी असावं. मग सवयच पडली. बायकाही हौसेनं करतात.”

“अगं, पण ती साक्षीची पेटी!”

“एका पेटीनं काय बिघडतं? एवढ्या हजारो पेट्या जातात त्या काय मी भरते?”

त्यानं तिला पत्राचं सांगितलं, मालक काय उत्तर लिहिणार आहेत ते सांगितलं, कोल्ड रूममधल्या पाच पेट्यांचं सांगितलं. ती ऐकत असताना तिचा हात डब्यातच राहिला. ती हुशार बाई. तिला उलगडून सांगावं लागलं नाही. पलीकडे बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता.

“मला एकदा विचारायचं तरी,” ती शेवटी म्हणाली.

“मला काय ठाऊक, विचारायला काही आहे म्हणून.”

“सांगणार मालकांना?”

“सांगावं लागेल. उद्या ते उत्तर गेलं की हा खरेदीदारही गेला. खरं सांगितलं तर निदान आपण त्याच्या माणसाला येऊ देऊ, माल सुधारू.”

“मग ते विचारतील, पेटी कोणी भरली.”

“तुझं नाव नाही घेणार.”

त्यावर ती ‘घ्या’ असंही म्हणाली नाही आणि ‘नको’ असंही म्हणाली नाही. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि पट्ट्याची वेळ झाली म्हणून निघून गेली. त्याला ते बरोबरच वाटलं. तिची मुकादमी गेली तर पट्टाही विस्कटणार, आणि घरात दोघांपैकी एकाचं तरी काम टिकायला हवं होतं. त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पाऊणशे पायऱ्या असाव्यात तसा तो मालकांच्या खोलीचा लहानसा जिना चढला.

मालक टाइप करत होते. त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. पेटी हाताला येईल ती घेतलेली नाही. निवडून भरलेली आहे. ही पाचवीही आणि चौथीही आणि त्याआधीच्याही. उरलेल्या चौदांत पाच सडलेल्या आहेत, खाली येऊन बघा. मालकांची बोटं बटणांवर तशीच राहिली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“कोणी निवडली?”

“मी.”

“तुम्ही?”

“मीच निवडायचो. चांगली दिसावी म्हणून.”

मालकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. “खोटं बोलताय. लोडिंग चालू असताना तुम्ही दारातून हलत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. कोणाला पाठीशी घालताय?” त्यांनी फोन उचलला. “मुकादम बाईंना वर पाठवा.”

ती आली. हात पुसत आली, दाराशी उभी राहिली. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही. तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर पाचवा कंटेनर दार उघडं टाकून उभा होता.

“बाई, खरं सांगा,” मालक म्हणाले. “साक्षीची पेटी हे स्वतः निवडून भरायचे? तुमच्या पट्ट्यावरून?”

“हो,” ती म्हणाली.

त्याला हेच हवं होतं. हे असंच व्हावं म्हणून तो जिना चढला होता.

मालक अजून तिच्याकडेच बघत होते. तिनं पदर सारखा केला. “मी दोन-तीनदा म्हटलंही त्यांना, असं करू नका, मालकांना कळलं तर काय म्हणतील. पण ते कुणाचं ऐकतात होय? माझ्या पट्ट्यावरच्या बायकांनाही दम द्यायचे, चांगली मिरची काढा म्हणून.”

तिचा आवाज अगदी रोजचा होता. पट्ट्यावर कोणाचा हात चुकला तर ती सांगायची, तसा. मालकांना पटलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते पटलेलं स्वच्छ दिसलं, आणि त्या क्षणी साक्षीदाराला कळलं, की ती ‘नाही’ म्हणेल अशी आपण वाट बघत होतो. जिना चढताना ठाऊक नव्हतं, ती दारात आली तेव्हाही नव्हतं. आता ठाऊक झालं, आणि आता त्याचा उपयोग नव्हता.

“एकोणीस वर्षं,” मालक म्हणाले. वही त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली. मग त्यांनी लिहिलेलं उत्तर पुसलं आणि नवीन लिहायला घेतलं. तुमचा माणूस पाठवा, आमची चूक आहे. लिहिता लिहिताच, मान वर न करता त्यांनी निकाल दिला. “तुम्ही सोमवारपासून फाटकावर बसा. गाड्यांची नोंद करा. बाई, साक्षीची पेटी आजपासून तुमच्याकडे. तुमच्यासारखं एक माणूस आधीच तिथे असतं तर ही वेळ आली नसती.”

“बरं,” ती म्हणाली.

दोघं जिना उतरली. खाली बायका माना वळवून बघत होत्या, ती दिसताच पट्ट्याकडे वळल्या. बाजूच्या टेबलावर सकाळची ती सजवलेली पेटी तशीच होती. तिनं ती उचलली आणि कंटेनरमध्ये जाणाऱ्या ढिगावर इतर पेट्यांसारखी ठेवून दिली.

“कुठली काढायची?” तिनं हळूच विचारलं.

“पॅलेटच्या मधली. वरची नको, खालची नको. आत बघायचं नाही.”

तिनं मधली काढली. चिकटपट्टी लावली, तारीख घातली. मग ती त्याच्याकडे न वळता, ओठ न हलवल्यासारखं बोलली, “नुसतं हो म्हटलं असतं तर त्यांना पटलं नसतं. तुम्ही बघितलंत ना त्यांचा चेहरा?”

“बघितला.”

“मग? काय करायचं होतं मी?”

“बरोबर केलंस.”

“रागावलात?”

त्यानं राग शोधून पाहिला. पोटात पाहिलं, छातीत पाहिलं. तिच्यासाठी म्हणून तरी थोडा सापडावा असं त्याला वाटत होतं.

“नाही,” तो म्हणाला. “काहीच वाटत नाहीये.”

तिनं प्रथमच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि पट्ट्यावरच्या चाळीस जणींसमोर त्या मुकादम बाईला रडू फुटलं. तो शेजारी उभा होता. तिकडे ड्रायव्हर सील लावायला हाका मारत होता, म्हणून थोड्या वेळानं तो थर्मामीटर घेऊन दाराकडे गेला.